आपल्याच पक्षाला नकार देणारा चित्रकार

फ्रान्सिस न्यूटन सूझा हे नाव हल्ली वर्तमानपत्रात वाचायला मिळतं ते लिलावाच्या बातमीत. २००८ साली लंडनमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात त्याचं ‘बर्थ’ हे १९५५ सालचं चित्र सुमारे पावणेतेरा लाख पौंडांना गेलं आणि भारतीय आधुनिक चित्रकलेतला तोवरचा विक्रम मोडला. तेव्हापासून सूझा म्हणजे कोटींची चित्रं, असं समीकरणच होऊन बसलं. त्या आकड्यांखाली त्याच्या आयुष्यातली फार मोलाची दोन वर्षं झाकली गेली. १९४८ आणि १९४९ ही ती वर्षं.

या दोन वर्षांत चोविशी-पंचविशीतल्या या गोव्याच्या तरुणानं मुंबईत एक नकार दिला. कलावंतानं सरकारला, धर्ममार्तंडांना, कलाशाळेतल्या गुरुजनांना नकार दिल्याची उदाहरणं पुष्कळ सापडतात. सूझानंही ते सगळे नकार दिले होते. पण ज्या पक्षावर त्याचा जीव होता, ज्याच्या स्वप्नावर त्याचा विश्वास होता, त्या कम्युनिस्ट पक्षानं ‘असं काढ, तसं काढू नकोस’ म्हटल्यावरही त्यानं मान हलवली नाही. परक्यांना नाही म्हणताना पाठीशी आपली माणसं असतात. आपल्या माणसांना नाही म्हणताना पाठीशी कोणी नसतं. म्हणूनच हा नकार नीट समजून घ्यायला हवा.

साळगाव ते धोबीतलाव

१२ एप्रिल १९२४ रोजी बार्देशातल्या साळगावात सूझाचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. पुढे त्याला देवी आल्या. मुलगा वाचला तर त्याला पाद्री करीन, असा नवस आई सेंट फ्रान्सिस झेवियरला बोलली. मुलगा वाचला. तोंडावर देवीचे व्रण राहिले आणि नावामागे ‘फ्रान्सिस’ लागलं. पाद्री मात्र तो झाला नाही. आई पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि शिवणकामावर घर चालवू लागली.

गोव्यातल्या चर्चनं मात्र त्याला आयुष्यभर पुरेल एवढं दिलं. खिळे ठोकलेला ख्रिस्त, बाणांनी विंधलेला सेंट सेबॅस्टियन, पाद्र्यांचे जरीचे झगे, रंगीत काचांना धरून ठेवणाऱ्या जाड काळ्या रेषा हे सगळं लहानपणी डोळ्यांत भरलं आणि पुढे पन्नास वर्षं कॅनव्हासवर उतरत राहिलं. श्रद्धेचा धाक आणि देहाची ओढ यांची झटापट हाच त्याच्या चित्रांचा गाभा आहे. ती झटापट तो साळगावातून घेऊन आला होता.

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स शाळेतून त्याला काढून टाकलं. कारण होतं स्वच्छतागृहाच्या भिंतीवरची अश्लील चित्रं. १९४० साली तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. १९४५ मध्ये राजकीय चळवळीतल्या सहभागावरून तिथूनही काढलं. त्या दिवशी घरी येऊन त्यानं रागाच्या भरात ट्यूबमधले रंग थेट ओतले आणि पॅलेट नाइफनं ‘ब्लू लेडी’ हे चित्र पुरं केलं, अशी हकिकत आहे. निळ्या रंगातली ती बाई जेजेच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या कोणत्याच नियमात बसत नव्हती.

जेजेची चौकट

ते नियम काय होते? १८५७ साली सुरू झालेल्या जेजेत इंग्लंडच्या कलाशाळांतला अभ्यासक्रम आला होता. प्लास्टरच्या ग्रीक मुखवट्यांवरून रेखाटन, मग छायाप्रकाश, मग समोर बसवलेलं मॉडेल, मग तैलरंगातलं पोर्ट्रेट. या शिस्तीतून धुरंधर, हळदणकर, आबालाल रहिमान यांच्यासारखे असामान्य हात तयार झाले हे विसरता कामा नये. विसाव्या शतकात कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात त्यात अजिंठ्याच्या वळणाची अलंकारिक ‘भारतीय’ शैली आली. एक वाट विलायतेची, दुसरी पुराणकाळाची. त्या काळच्या मुंबईत गिरणीच्या भोंग्यावर जगणारा माणूस या दोन्ही वाटांवर कुठं भेटत नव्हता.

चौकटीला तडे जाऊ लागले होते. संचालक म्हणून आलेले चार्ल्स जेरार्ड विद्यार्थ्यांना सेझान, व्हान गॉख, मातिस यांची ओळख करून देत होते. १९४१ साली पी. टी. रेड्डी आणि त्यांच्या मित्रांनी आपली वेगळी चूल मांडून प्रदर्शन भरवलं. पण बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात बक्षीस कोणाला मिळणार, दरबारी पोर्ट्रेटचं काम कोणाकडे जाणार, हे अजून जुनी अभिरुचीच ठरवत होती.

खेतवाडीतलं लाल निशाण

याच मुंबईत, खेतवाडीत कम्युनिस्ट पक्षाचं मुख्यालय होतं. सरचिटणीस पूरनचंद जोशी यांना कलावंतांची मोठी जाण होती. १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ ही डाव्या विचारांची नाट्यसंघटना उभी राहिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात हजारोंच्या सभा गाजवत होतं. चित्तप्रसाद यांनी बंगालच्या दुष्काळात गावोगाव चालत जाऊन मेलेल्या-मरणाऱ्या माणसांची रेखाटनं केली. त्यांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक ब्रिटिशांनी जप्त करून जाळलं. त्या दशकात या देशातल्या गोरगरिबांचा चेहरा कलेत आणण्याचं काम इतक्या निष्ठेनं दुसऱ्या कोणत्याही पक्षानं केलं नाही.

सूझा या पक्षात गेला यात नवल नाही. शाळेनं हाकललेला, कलाशाळेनं हाकललेला, विधवा आईच्या शिलाई मशीनवर वाढलेला हा मुलगा गोव्यातले शेतमजूर, उपाशी कुटुंबं, मुंबईतले कामगार रंगवू लागला. विषय पक्षाला हवे तेच होते. अडचण आली ती रंगवण्याच्या तऱ्हेवरून.

त्यासाठी मॉस्कोकडे पाहावं लागतं. रशियन क्रांतीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत तिथं नव्या कलेचा अक्षरशः पूर आला होता. १९३२ च्या एप्रिलमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं ठराव करून साहित्यिकांच्या आणि कलावंतांच्या साऱ्या स्वतंत्र संघटना बरखास्त केल्या. १९३४ साली सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात ‘समाजवादी वास्तववाद’ हे अधिकृत धोरण जाहीर झालं. चित्र सामान्य माणसाला लगेच समजलं पाहिजे, त्यात श्रमिक दिसला पाहिजे, आशा दिसली पाहिजे आणि पक्षाची दिशा दिसली पाहिजे. यात न बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ‘रूपवाद’ असा शिक्का बसे. चित्रातली बाई निळी का, डोळे कपाळावर का, एवढं विचारून माणसाचं काम आणि कधीकधी जीवही घेता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत पक्षाचे नेते झ्दानोव्ह यांनी हे धोरण आणखी आवळलं. १९४६ मध्ये लेनिनग्राडच्या मासिकांवर, १९४८ च्या फेब्रुवारीत संगीतकारांवर ठराव झाले.

त्याच सुमाराला, १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, भारतीय कम्युनिस्ट पक्षाची दुसरी काँग्रेस कलकत्त्यात भरली. जोशी बाजूला झाले आणि बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. पक्षाची ‘लाइन’ कडक झाली. इप्टातले कितीतरी कलावंत या काळात दुरावले. चित्तप्रसादही हळूहळू पक्षापासून लांब गेले आणि अंधेरीत एकांतात लाकडी ठशांची चित्रं करत राहिले.

रॅम्पार्ट रोवरचं प्रदर्शन

देश स्वतंत्र झाला त्या १९४७ साली सूझा, सय्यद हैदर रझा आणि कृष्णाजी हौळाजी आरा यांनी एक गट काढायचं ठरवलं. प्रत्येकानं आणखी एकाला आणायचं होतं. रझांनी हरी अंबादास गाडे यांना आणलं, आरांनी सदानंद बाकरे यांना, आणि सूझानं मकबूल फिदा हुसेन यांना. नाव ठरलं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’. ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द त्या काळी सरळ डावीकडे बोट दाखवणारा होता.

या सहा जणांकडे पाहिलं की तेव्हाची मुंबई समोर येते. आरा घरकाम करत, मोटारी धूत वाढलेले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. हुसेन पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले. गाडे अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे, बाकरे बडोद्यात जन्मलेले शिल्पकार, रझा मध्य प्रांतातल्या जंगलखात्यातल्या माणसाचे चिरंजीव. सहा जणांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती होते. खेड्यातले, शहरातले होते. फाळणीच्या आगीत देश होरपळत असताना हे एका भिंतीवर एकत्र चित्रं लावत होते.

सुरुवातीच्या जाहीरनाम्यात कलावंत आणि जनता यांच्यातली दरी मिटवण्याची भाषा होती. ती सूझाचीच होती. ७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात गटाचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन भरलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये सूझानं ती भाषा जाहीरपणे मागे घेतली. जाहीरनाम्यातला डावा कट्टरपणा आम्ही टाकून दिला आहे, विषय आणि तंत्र या दोन्ही बाबतींत आम्ही आता पूर्ण मोकळे आहोत, रंगसंगती आणि रचनेचे मूलभूत नियम तेवढेच आम्ही मानतो, असा त्याचा आशय होता. प्रदर्शनाचं उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केलं, म्हणजे प्रगतिशील लेखक चळवळीच्या एका संस्थापकानंच. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर, त्यांच्याच हस्ते उघडलेल्या दालनात, सूझानं आपला मार्ग वेगळा असल्याचं सांगितलं.

पुढे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं की, चित्र कसं काढायचं हे पक्ष सांगू लागला म्हणून मी पक्ष सोडला. खरा चित्रकार उच्चभ्रूंच्या कंपूसाठीही रंगवत नाही आणि श्रमिकवर्गासाठीही रंगवत नाही, तो स्वतःच्या जगण्यासाठी रंगवतो, अशी त्याची भूमिका होती. हे वाक्य आत्मकेंद्री वाटू शकतं. पण ते लिहिणारा माणूस श्रमिकांच्या बाजूचाच होता. ‘कोणासाठी’ याचं उत्तर आधी ठरवून मग चित्राला हात घातला की चित्र आधीच ठरलेलं असतं, आणि ठरलेलं चित्र श्रमिकाच्याही उपयोगाचं नसतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

याच १९४९ साली त्याची दुसऱ्या बाजूनंही कोंडी झाली. एका प्रदर्शनात लावलेल्या त्याच्या नग्न आत्मचित्रावर तक्रारी झाल्या, चित्र उतरवलं गेलं आणि पोलिसांनी अश्लील चित्रांसाठी घराची झडती घेतली. पक्षाच्या लेखी त्याची चित्रं अधःपतित, आणि सरकारच्या लेखी अश्लील! दोन्हीकडे मागणी एकच होती: चित्रानं माणसाला वळण लावावं.

त्या काळच्या मराठी वाचकाला हे चांगलं ओळखीचं होतं. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पुढे मर्ढेकर निर्दोष सुटले. मर्ढेकर सौंदर्यशास्त्रातही लयीचे, रचनेचे नियम शोधत होते आणि त्यांच्यावर ‘रूपवादी’ म्हणून टीका होत होती. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांच्या काळापासूनचा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. एकाच शहरात, त्याच काळात, एक कवी शब्दांत आणि एक चित्रकार रंगांत सांगत होता की घाट आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ चित्रावरही खटला झाला आणि तेही सुटले.

त्बिलिसीत काय झालं

सूझाच्या नकाराची किंमत समजण्यासाठी त्याच वर्षांत कॉकेशसमधल्या जॉर्जियात, म्हणजे स्टालिनच्या स्वतःच्या मुलखात, काय चाललं होतं ते पाहायला हवं.

जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी. तिथले दावित काकाबाद्झे आणि लादो गुदियाश्विली हे दोघे चित्रकार १९२० च्या दशकात पॅरिसला राहून आले होते. काकाबाद्झे यांचं १९१८ चं ‘इमेरेती, माझी आई’ हे चित्र जॉर्जियात घरोघरी माहीत आहे. पुढे काळ्या कपड्यातली आई बसली आहे आणि मागे डोंगरउतारावरची शेतं गोधडीच्या तुकड्यांसारखी एकाला एक जोडलेली आहेत. माणूस आणि माती यांचं इतकं साधं नातं कोणत्या समाजवादी चित्रात दिसलं असतं? तरीही काकाबाद्झे ‘रूपवादी’ ठरले, १९४८ साली त्बिलिसीच्या कला अकादमीतून त्यांना काढलं आणि १९५२ मध्ये ते वारले. गुदियाश्विली यांनी १९४६ च्या सुमाराला शहरातल्या काश्वेती चर्चमध्ये भित्तिचित्रं रंगवली. देवळात चित्र काढलं म्हणून त्यांची अकादमीतली नोकरी गेली. दिमित्री शेवर्दनाद्झे हे चित्रकार आणि जॉर्जियाच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाचे संस्थापक. त्यांना तर १९३७ सालीच गोळ्या घातल्या होत्या.

स्टालिन गेल्यावर दहशत ओसरली, पण चौकट राहिली. त्बिलिसीचा अवतो वाराझी त्याच्या जवळच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणाला माहीत नव्हता. टाकाऊ वस्तू चिकटवून तो चित्रं करत असे आणि सरकारी कलेच्या चौकटीत त्यांना जागा नव्हती. तोच वाराझी १९६९ च्या ‘पिरोसमानी’ या चित्रपटात नायक झाला. निको पिरोसमानी हा त्बिलिसीतल्या दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवणारा गरीब चित्रकार १९१८ साली वारला होता. मेलेल्या बंडखोर चित्रकारावर सोव्हिएत पडद्यावर सिनेमा निघू शकत होता. त्याची भूमिका करणाऱ्या जिवंत चित्रकाराची चित्रं मात्र भिंतीवर लागत नव्हती. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोत काही चित्रकारांनी उघड्या मैदानात प्रदर्शन मांडलं, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यावर बुलडोझर आणि पाण्याचे फवारे सोडले.

काकाबाद्झे सूझापेक्षा कमी धीट होते का? मुळीच नाही. फरक त्यांच्या शहरांत होता. सोव्हिएत चित्रकाराला स्टुडिओ, रंग, कॅनव्हास, काम, प्रदर्शन आणि पगार हे सगळं एकाच ठिकाणाहून, सरकारी कलासंघाकडून मिळे. ते दार बंद झालं की दुसरं दार नव्हतं.

मुंबईची अनेक दारं

मुंबईत सूझाला दारं होती. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी चित्रकारांचा अड्डा जमे. त्याच वर्तमानपत्रात रुडॉल्फ फॉन लायडन या तरुणांच्या चित्रांवर गंभीरपणे लिहीत. इमॅन्युएल श्लेझिंगर चित्रं विकत घेत. बडोद्याच्या संग्रहालयाचे प्रमुख हर्मन गोएत्झ नव्या चित्रांकडे डोळे उघडे ठेवून पाहत. केकू गांधी आपल्या केमोल्ड फ्रेमच्या दुकानात या पोरांची चित्रं लावत. थोड्या काळानं होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची चित्रं घ्यायला सुरुवात केली.

यातले लँगहॅमर, लायडन, श्लेझिंगर, गोएत्झ हे चौघे हिटलरच्या युरोपातून बाहेर पडलेले होते. १९३७ साली म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक चित्रांचं ‘अधःपतित कला’ म्हणून हेटाळणीचं प्रदर्शन भरवलं होतं. सत्ता जेव्हा चित्र कसं असावं हे ठरवते तेव्हा पुढे काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मुंबईत त्यांनी एका हाकललेल्या विद्यार्थ्याला हात दिला त्यामागे ही आठवण असावी.

या दारांपैकी कोणतंही एक दार फार मोठं नव्हतं. एकाकडून एक चित्र विकलं जाई, दुसऱ्याकडून दोन परिच्छेदांचं परीक्षण छापून येई, तिसऱ्याकडे संध्याकाळची चर्चा होई. पण पक्षानं पाठ फिरवली आणि पोलिसांनी घराची झडती घेतली, तरी ती सगळी दारं एकाच वेळी बंद करण्याची ताकद कोणाकडेच नव्हती.

लंडन आणि मिस्टर सेबॅस्टियन

१९४९ सालीच सूझा बोटीनं लंडनला निघून गेला. लंडनची पहिली वर्षं हलाखीत गेली. पत्नी मारिया यांनी नोकरी करून घर सांभाळलं. १९५५ मध्ये स्टीफन स्पेंडर यांच्या ‘एन्काउंटर’ मासिकात त्याचा ‘निर्वाण ऑफ अ मॅगट’ हा आत्मकथनपर लेख आला, व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमधलं त्याचं प्रदर्शन गाजलं आणि तो रातोरात नावारूपाला आला.

‘एन्काउंटर’ला अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेकडून छुपा पैसा मिळत होता, हे १९६७ साली उघडकीला आलं. स्वतंत्र कलावंत म्हणजे शीतयुद्धातलं एक हत्यार, असं दुसऱ्या गोटालाही वाटत होतं. सूझाला तेव्हा याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. पण त्याची त्या वर्षांतली चित्रं पाहिली की एक खात्री पटते: त्यानं मॉस्कोची भलामण केली नाही, तशी लंडनचीही केली नाही.

१९५५ चं ‘मिस्टर सेबॅस्टियन’ घ्या. चित्रात सुटाबुटातला, टाय लावलेला गृहस्थ समोर उभा आहे. त्याच्या तोंडात, मानेत बाण घुसले आहेत. गोव्याच्या चर्चमधला हुतात्मा संत इथं कचेरीत जाणारा साहेब झाला आहे. कपडे नीटनेटके आहेत, चेहरा जखमांनी भरलेला आहे. हा माणूस बळी आहे की जल्लाद, हे चित्र ठरवू देत नाही. त्याच वर्षीच्या ‘सिक्स जंटलमेन ऑफ अवर टाइम्स’ या रेखाचित्रांत सभ्य समाजाचे पुढारी दात विचकत, डोळे कपाळावर घेऊन येतात. रेषा काळी, जाड आणि ठाम आहे. त्या रेषेच्या आत आडव्या-उभ्या रेघांचं जाळं विणलेलं आहे, जणू कातडीखालच्या शिरा वर आल्या आहेत. श्रमिकांचं शोषण करणाऱ्या वर्गाचं याहून भेदक चित्र समाजवादी वास्तववादानं क्वचितच दिलं असेल. पक्षाला हवा तो राग सूझाच्या चित्रात शिगोशीग होता. फक्त तो कोणाच्या हुकमानं आलेला नव्हता.

‘बर्थ’मध्ये खिडकीसमोर एक गरोदर बाई नग्नावस्थेत पहुडली आहे, शेजारी पाद्र्यासारख्या झग्यातला पुरुष आहे, खिडकीच्या कठड्यावर भांडी आणि बाहेर शहराची टोकदार छपरं आहेत. जन्माच्या चित्रात असते ती कोवळीक यात नाही. बाईचं पोट, भांडी, इमारती सगळं एकाच कठोर रेषेत बांधलं आहे. सूझाच्या स्त्रीदेहांत पुष्कळदा क्रूरता दिसते आणि त्यावर झालेली टीका रास्त आहे. मोकळीक मिळालेला कलावंत नेहमी सुंदर किंवा न्याय्यच बोलेल अशी हमी नसते. पण त्याच्याशी वाद घालता यावा यासाठी आधी त्याचं चित्र भिंतीवर असावं लागतं.

पुढे तो स्थिर राहिला नाही. १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्यानं काळ्यावर काळ्या रंगात रंगवलेली चित्रं लावली. ती पाहायला माणसाला कोन बदलत चित्रासमोर फिरावं लागे. १९६७ साली तो न्यू यॉर्कला गेला. तिथं छापील मासिकांच्या पानांवर रसायन लावून शाई विरघळवत तो नव्या तऱ्हेची चित्रं करू लागला. बाजाराला हवा असलेला जुना सूझा त्याला सहज विकत राहता आला असता. २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्याचं निधन झालं आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरलं. गटातले त्याचे शिल्पकार सोबती सदानंद बाकरे लंडनहून परतून दापोली तालुक्यात मुरूड-हर्णैला राहिले आणि २००७ मध्ये प्रसिद्धीपासून दूरच वारले.

आपल्यासाठी

सूझाला आपण गोव्याचा बंडखोर म्हणून मिरवतो. मला त्याच्या बंडाइतकंच त्या बंडाला जागा देणारं शहर मोलाचं वाटतं. धीट कलावंत त्बिलिसीतही होते. मुंबईत धैर्याला आडोसा होता: वाद घालणारी वर्तमानपत्रं, एखादं चित्र घेणारे मध्यमवर्गीय रसिक, फ्रेमवाल्याचं दुकान, नकार ऐकूनही उद्घाटन करणारे ज्येष्ठ, आणि शेवटी आरोपीचं ऐकून घेणारं न्यायालय. यातलं काहीही आपोआप टिकत नाही. आज एखादं चित्र, नाटक किंवा कविता आपल्याला पटली नाही की ‘ही आपल्या बाजूची की त्यांच्या बाजूची’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. आणि आपल्या बाजूच्या माणसानं चौकट मोडली तर त्याला परक्यापेक्षा जास्त फटकारतो. हा झ्दानोव्हचाच प्रश्न आहे. तो विचारायला हाती राजसत्ता लागत नाही, मोबाइल पुरतो.

म्हणून एक विनंती आहे. मुंबईत असाल तर कावसजी जहांगीर हॉलमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि शहरातल्या छोट्या दालनांत वेळ काढून जा. आपल्या गावातल्या चित्रकाराचं प्रदर्शन भरलं तर पाहायला जा आणि ऐपत असेल तर एखादं लहान चित्र विकत घ्या. न आवडलेल्या चित्रावर खुशाल कडक लिहा, पण ते उतरवण्याची मागणी करू नका. १९४९ साली सूझाला याहून जास्त काही मिळालं नव्हतं, आणि तेवढं त्याला पुरलं.